भाट्याच्या मुखावर गरवायचं तर आधी तिथी बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही कोल्हापूरचे, राधानगरीच्या फुगवट्यावर आणि पंचगंगेवर गळ टाकायची जुनी सवय. एका रविवारी आंबा घाट उतरून पहाटे रत्नागिरीत आलात. सहा ते आठ मिरकरवाड्याच्या दगडी बंधाऱ्यावर आणि नंतर दहापर्यंत भाट्याच्या पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, खाडीच्या मुखाजवळ बसलात. आमिष बाजारातल्या कोळंबीचं, दहा फुटी रॉड, नवं रीळ. हाती लागल्या शिंगट्या आणि केंड. आता विचारताय की तेरा फुटी रॉड घेऊन लांब फेकलं तर तांबोशी, जिताडा हे शिकारी मासे मिळतील का, आणि मिरकरवाडा चांगला की भाट्ये.

रॉड आहे तोच ठेवा. तुम्ही तारीख दिली आहे त्यावरून त्या दिवशी नवमी होती, आणि सगळं दुखणं तिथेच आहे.

धरणावर पाणी उभं असतं आणि मासा हिंडतो. म्हणून तिथे चारा टाकून, रॉड रोवून, मासा येईपर्यंत बसायचं ही रीत बरोबर आहे. खाडीच्या मुखावर उलटं आहे. इथे पाणी चालतं आणि शिकार करणारा मासा जागा धरून उभा राहतो, पाणी त्याला खायला आणून देतं. पाणी थांबलं की त्याचं जेवण थांबलं. त्या वेळी तळाशी सरपटत वास काढणारे तेवढे जागे असतात, म्हणजे शिंगटी, केंड आणि कुर्ल्या. तुमच्या बादलीत तेच आले.

आता नवमीचं गणित. आमच्याकडे जुने लोक भरतीची वेळ कागदाशिवाय सांगतात: तिथीची पाऊणपट करा, तेवढे वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, नवमीला पावणेसात, द्वादशीला नऊ. पहाटेला आणि संध्याकाळला एकच हिशोब, शुद्ध असो वा वद्य. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा. नेमकी वेळ हवी तर भरतीचं कोष्टक मोबाइलवर मिळतं, पण कोल्हापुरात बसून पुढच्या महिन्याचा रविवार ठरवायला कालनिर्णय आणि पाऊणपट पुरते. तर नवमीला तुम्ही सहाला पोचलात तेव्हा भरती संपत आलेली. पावणेसातच्या आसपास पाणी थांबलं. त्यात अष्टमी-नवमीला भांग, म्हणजे मुळातच पाणी कमी चढतं आणि कमी उतरतं, त्यामुळे सुकती, म्हणजे ओहोटी, सुरू झाली तरी ओढ यायला वेळ लागतो. सुकतीचा शेवट दुपारी एकला. मुखावर जी काही हालचाल व्हायची ती अकराच्या पुढे, आणि तुम्ही दहाला सामान आवरून घाटाला लागलात.

प्रतिपदा ते चतुर्थी हे दिवस बघा. द्वितीयेला भरती दीडला, म्हणजे सुकतीचा तळ सकाळी पावणेआठच्या सुमारास. तृतीयेला साडेआठ, चतुर्थीला सव्वानऊ. उजाडण्याची वेळ आणि सुकतीचे शेवटचे दोन तास एकावर एक येतात. संध्याकाळीही तसंच, अंधार पडता पडता पाणी बाहेर ओढत असतं. अमावास्या-पौर्णिमेच्या ऐन उधाणाला मात्र मी मुखावर जात नाही. ओढ इतकी असते की शिसं तळाला ठरत नाही आणि कांदळवनातला सगळा पालापाचोळा, प्लॅस्टिकच्या पिशव्या दोऱ्याला येऊन लटकतात. मुंबईकडून येणाऱ्यांना एक सांगून ठेवतो. तिकडे उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं, रत्नागिरीत त्याच्या निम्म्याच्या आसपास. तिथले अंदाज इथे लावू नका.

सुकतीचेच शेवटचे दोन तास का? काजळी नदी सह्याद्रीतून येते आणि भाट्याला समुद्राला मिळते. पुलाच्या वरच्या अंगाला खाडीच्या दोन्ही काठांना तिवरं, म्हणजे कांदळवन, आहे. भरतीला तिवरांच्या मुळांत पाणी शिरतं तेव्हा कोळंबी, बोयांची पिल्लं, बारीक खेकडे सगळे आत जाऊन सुरक्षित असतात. पाणी उतरलं की त्यांना बाहेर पडावंच लागतं, आणि शेवटी तर एकाच अरुंद वाटेनं. लग्नाच्या मांडवाला एकच दार असावं तसं ते मुख आहे, आणि जिताडा दाराशी उभा असतो. भाट्याच्या मुखाशी वाळूचा दांडा साठलेला आहे. होड्यांना त्याचा जाच आहे, सुकतीला आत-बाहेर करता येत नाही, भरतीची वाट बघत थांबावं लागतं. गरवणाऱ्याला मात्र तो दांडा उपयोगी, कारण सगळं पाणी एका घळीतून जायला लागतं. कोष्टकात सुकती संपली असं दिसलं तरी मुखाशी पाणी आणखी काही वेळ बाहेरच चालतं, कारण आतली खाडी रिकामी व्हायला उशीर लागतो. त्यामुळे घड्याळ बघून उठू नका, पाण्यावरचा फेस कुठल्या दिशेला जातोय ते बघून उठा.

जागा कशी निवडायची ते सांगतो. भाट्याच्या पुळणीचं उत्तर टोक, जिथे सुरूचं बन संपून वाळू मुखाकडे वळते, तिथे उभे राहा आणि काही टाकण्याआधी नुसतं बघा. खाडीचं पाणी गढूळ, समुद्राचं हिरवट. दोन्ही मिळतात तिथे एक शीव दिसते, तिच्यावर फेस, सुरूच्या काड्या, कधी नारळाचं सोडण अशी कचऱ्याची ओळ वाहत असते. शिवेच्या एका बाजूला पाणी धावतं, दुसऱ्या बाजूला जवळपास उभं असतं. मासा उभ्या पाण्यात असतो आणि तोंड धावत्या पाण्याकडे करून असतो. ही शीव कित्येकदा तुमच्या पायापासून पंधरा-वीस पावलांवर असते. तेरा फुटी रॉडनं ऐंशी मीटर फेकलंत तर तुम्ही माशाच्या डोक्यावरून पलीकडे टाकता. नवख्यांचं सगळ्यात जास्त आमिष माशाच्या पलीकडेच पडलेलं असतं, हे मी रोज बघतो.

टाकायचं ते प्रवाहाच्या वरच्या अंगाला, तिरकं. शिसं एवढंच हलकं की तळाला टेकतं पण ठरत नाही, टपटप करत घरंगळतं. ओढीप्रमाणे वीस ते चाळीस ग्रॅम. आमिष धावत्या पाण्यातून घरंगळत शिवेपाशी येतं आणि उभ्या पाण्यात शिरतं, तिथेच खेच बसते. रॉड हातात हवा, दोरा तर्जनीवर हवा. वाळूत नळी रोवून त्यात रॉड उभा करून चहा प्यायला गेलात तर परत शिंगटीच. दोन रॉड लावायचा मोहही सोडा, एकच नीट सांभाळा.

आता आमिष. बाजारातली बर्फातली कोळंबी वाईट नाही, पण ती वासावर चालते, आणि वासावर कोण येतं ते तुम्ही बघितलंत. तांबोशी आणि जिताडा दोघांना हलणारं हवं. सकाळी खाडीत पाग, म्हणजे फेकजाळं, टाकणारे असतात, त्यांच्याकडे आदल्या दिवशी शब्द टाकून ठेवा. बोटाएवढी जिवंत कोळंबी किंवा बोयीचं पिल्लू मिळालं तर तुमचं निम्मं काम झालं. बादलीत खाडीचंच पाणी, बॅटरीवरचा हवेचा पंप, वर ओलं गोणपाट. उन्हात बादली ठेवली की पंप असूनही अर्ध्या तासात कोळंबी लाल पडते.

कोळंबी गळाला लावण्याचं एक नेमकं आहे. तिला उजेडाकडे धरून डोकं बघा. कवच पारदर्शक असतं, आत शिंगाच्या मुळाशी एक काळा ठिपका दिसतो. तो तिचा जीव. गळ त्या ठिपक्याच्या पुढून, शिंगाच्या खालच्या कवचातून आडवा काढायचा, ठिपक्याला धक्का न लावता. बरोबर लागला तर ती पाण्यात सोडताच शेपूट मारून मागे उडी घेते आणि तासभर घेत राहते. ठिपका फुटला तर हातातच पांढरी पडते. मुळापेक्षा पुढे, शिंगाच्या टोकाला लावलात तर पहिल्याच फेकीत सुटून जाते. फेकतानाही झटका द्यायचा नाही, झोका द्यायचा. बोयीचं पिल्लू असेल तर वरच्या ओठातून. गळ गोल वळलेले, सर्कल हुक म्हणतात ते घ्या. त्यात एकच पथ्य: खेच बसली की रॉड उपसायचा नाही, रीळ फिरवून दोरा ताठ करायचा. गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. धरणावर बसलेला उपसायचा हात इथे आवरावा लागतो.

रिकामा परत आलेला गळही बोलतो. आमिषाला अर्धचंद्राकृती, कात्रीनं कापल्यासारखा तुकडा गेला असेल तर केंड. कधी दोराच कापलेला येतो, तोही त्याचाच प्रताप. आमिष चोथा होऊन आलं आणि खेच जाणवलीच नाही, तर कुर्ली. दोन्हीचा अर्थ एकच, की तुमचं आमिष एका जागी पडून राहिलंय. जागा बदला किंवा शिसं हलकं करा. आमिष जसंच्या तसं, फक्त चिरडलेलं परत आलं तर तिथेच पुन्हा टाका, मोठं तोंड होतं आणि गळ चुकला.

दोऱ्याबद्दल थोडं. रिळावर वीस-तीस पौंडी ब्रेड, म्हणजे विणलेला दोरा, ठीक आहे, पण त्याच्या पुढे दोन हात तरी जाड तंगूस, म्हणजे नायलॉनचा एकेरी दोरा, हवाच, चाळीस-पन्नास पौंडी. ब्रेड ताणाला बळकट आणि घासाला कच्चा. इथल्या प्रत्येक दगडावर कालवं चिकटलेली, त्यांची धार ब्लेडची. प्रत्येक माशानंतर शेवटचं वीतभर तंगूस नखावरून ओढून बघा, खरखर लागली की कापून नवीन गाठ. शिसं मुख्य दोऱ्याला बांधू नका, वेगळ्या बारीक, कमी ताकदीच्या दोऱ्यानं टांगा. दगडात अडकलं की तेवढंच तुटतं, गळ आणि मासा परत येतो. बंधाऱ्यावर तर गॅरेजमधले जुने स्पार्क प्लग शिशाऐवजी वापरा, गेले तरी हळहळ नाही.

मिरकरवाडा की भाट्ये, तर त्या दोन जागा वेगवेगळ्या कामाच्या आहेत. मिरकरवाडा हे मासेमारी बंदर. बोटी माल उतरवतात, धुतात, खराब मासळी आणि आतडी पाण्यात जातात. बंदराच्या आतल्या बाजूला शिंगटी त्यावरच पोसलेली असते, त्यामुळे सकाळी आत गळ टाकून दुसरं काही मागणं चुकीचं. बंधाऱ्याची बाहेरची बाजू आणि टोक चांगलं. तिथे दगडांच्या कपारीत तांबोशी आणि गोबरा असतो, आणि त्याला फार लांब टाकावं लागत नाही, दगड संपून वाळू लागते त्या कडेला आमिष उतरवायचं. भांगाच्या दिवशी, मुख मरगळलेलं असतं तेव्हा, मी बंधाऱ्यालाच जातो. म्हणजे तुमच्या नवमीलाही काही मिळालं असतं, बाहेरच्या अंगाला. तांबोशीनं खाल्लं की ती सरळ कपारीत शिरते. पहिल्या दोन-तीन सेकंदांत तिला बाहेर काढलीत तर काढलीत, म्हणून तिथे ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, घट्ट आणि गप्पा बंद. बंदराच्या आवारात फाटकावर विचारून जा. नांगरलेल्या बोटींच्या दोरांवरून गळ फेकू नका आणि वाळत घातलेल्या जाळ्यांवर पाय देऊ नका. हे लोक दिवसभराच्या कष्टानं वैतागलेले असतात, पण नीट विचारलंत तर कुठल्या खडकाशी काल काय लागलं तेही सांगतात.

मांडवीची जेट्टी संध्याकाळी बरी. दिव्याखाली बारीक मासळी आणि कोळंबी जमते. सगळे उजेडाच्या मधोमध टाकतात. मोठा मासा उजेडात येत नाही, तो उजेड आणि अंधाराच्या कडेला, अंधारात असतो. तिथे चंदेरी चमचा किंवा रबरी मासा असं खोटं आमिष सावकाश ओढत न्या.

भाट्याला घरी न्यायला हमखास काही हवं असेल तर मुडदुशी. पुळणीवर, लाटा फुटतात त्याच्या जरा अलीकडच्या चरात, भरती चढताना, लहान गळावर कोळंबीचा नखाएवढा तुकडा. मुलांना घेऊन आलात तर तेच करा. घाबरली की ती वाळूत शिरून बसते, त्यामुळे पाण्यात धावपळ नको. चवीला माझ्या मते तांबोशीच्या वर, पण यावरून आमच्याकडे भांडणं होतात. पुळणीच्या दक्षिण टोकाला, झरीविनायकाच्या बाजूला खडक आहे, तिथे शांतपणे बसता येतं. खाडीच्या पलीकडच्या काठावरून, राजिवड्याच्या बाजूनं मुखात गळ टाकू नका, होड्यांची वाट तीच आहे. पुलावरून तर मुळीच नको.

हंगाम. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते. तुमचा रॉड काही बोट नाही, पण त्या दिवसांत मुखाचा समुद्र उभं राहायच्या लायकीचा नसतो. ऑगस्ट-सप्टेंबरात लाल पाणी उतरतं, मासा असतो पण जागा रोज बदलते. नारळी पौर्णिमा झाली, पाऊस सरत आला, मुखाचं पाणी पुन्हा खारं व्हायला लागलं की ऑक्टोबर ते जानेवारी हे खरे महिने. थंडीत पहाटे मतलई वारा, म्हणजे जमिनीवरून वाहणारा, मागून येतो, समुद्र सपाट असतो आणि हलकं आमिषही लांब जातं. दहा-अकरानंतर खारं वारं तोंडावर येतं, त्याच्याशी कुस्ती खेळण्यात अर्थ नाही.

जिताड्याबद्दल एक माहीत असलेलं बरं. लहान जिताडे जवळपास सगळे नर असतात, काही वर्षांनी वाढून त्यांच्या माद्या होतात. पावसाच्या दिवसांत ते अंडी घालायला खाडीतून मुखाकडे येतात, कारण अंड्यांना खारं पाणी लागतं. म्हणजे त्या काळात मुखावर लागलेला दहा किलोचा जिताडा जवळपास नक्की गाभोळीवर आलेली मादी. मी ती सोडतो, तुम्ही तुमचं ठरवा. धरताना त्याच्या कल्ल्यात बोटं घालू नका, कल्ल्याच्या झाकणाची कड सुरीसारखी असते. खालचा जबडा धरा.

बाकी इजा कुठून होते ते नीट ऐका. शिंगटीला पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक असे तीन काटे, करवतीसारखे आणि विषारी. हातानं गळ काढू नका, फडक्यात दाबून पक्कडीनं काढा. काटा लागलाच तर हात सोसवेल तेवढ्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा, कळ त्यानं उतरते. बर्फ लावू नका, आणि टोक आत राहिलं असेल तर दवाखाना. उथळ पाण्यात चालताना पाय उचलून टाकू नका, घासत चाला, म्हणजे वाळूत बसलेलं, शेपटीत काटा असलेलं पाकट आधीच निघून जातं. केंड खायचा नाही. साफ करून खातात वगैरे कोणी सांगेल, त्याचं विष शिजवूनही जात नाही.

आणि दांडा. सुकतीला तो उघडा पडतो, पाय कोरडे ठेवून मुखाच्या ऐन कडेला जाता येतं, मासाही तिथेच असतो. पण भरती फिरली की पाणी पुढून येत नाही. आधी तुमच्या पाठीमागचा चर भरतो. तुम्ही समोर बघत असता आणि मागे कमरेएवढं पाणी आणि ओढ. म्हणून चढण्याआधी मागच्या चरात एक काठी रोवा, तिच्या बुडाला पाणी लागलं की मासा गळाला असला तरी मागे फिरा. बंधाऱ्यावरही खालच्या दगडांवर उतरण्याआधी दहा-पंधरा मिनिटं लाटा बघा. शांत समुद्रातही मधूनच मोठ्या लाटांची रांग येते. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा लाटांचा इशारा असेल तर त्या दिवशी बाजारातून मासळी घ्या.

तेरा फुटी रॉडचे पैसे वाचले, त्यातून एक फेरी रिकाम्या हातानं करा. अमावास्येला किंवा पौर्णिमेला. त्या दिवशी भरती दुपारी बाराच्या सुमारास, म्हणजे पाण्याचा तळ संध्याकाळी साडेपाच-सहाला, उजेडातच. मुखाचा दांडा, त्याच्या कडेची घळ, पाण्यात बुडून असणारे खडक, सगळं उघडं पडलेलं दिसेल. मोबाइलवर फोटो काढा, पण प्रत्येक फोटोत मागची एखादी हलणार नाही अशी खूण येऊ दे, पुलाचा खांब, एखादं वाकडं सुरूचं झाड. घळ दर पावसाळ्यात सरकते, त्यामुळे हे फोटो वर्षभरच चालतील. पावसाळा संपला की नवे काढायचे.